सोमवारची कोरी पाटी

१

वावाऊ बेटावर एक डुक्कर दोघांना विकलं तर भांडण होतं, एक जमीन दोघांना दिली तर खटला होतो, आणि एक मुलगी दोघांना कबूल केली तर तिसराच कोणीतरी तिला घेऊन बोटीत बसतो. पण एकच न्गातू दोन घरांना कबूल केला तर काय करायचं, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. कारण असं आजवर घडलंच नव्हतं. ते घडलं एका सोमवारी सकाळी, लुसेआनेबाईंच्या महिला मंडळाच्या सभागृहात.

न्गातू म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. बायका रांगेत बसून साल कुटतात, चिकटवतात, रंगवतात, आणि महिनोन्‌महिने अख्ख्या गावाला झोप लागू देत नाहीत. त्याच्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही आणि मयत उठत नाही. हा न्गातू तर इतका लांब होता की त्याचं एक टोक चर्चच्या पायरीवर ठेवलं तर दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना प्रवचन ऐकू येत नाही. तरुण मंडळी म्हणूनच त्या टोकाला बसतात.

तर त्या सकाळी वाइपुनांचे लोक मुलीच्या लग्नासाठी तो न्यायला आले, आणि त्यांच्या मागोमाग मोआलांचे लोक आजोबांच्या दफनासाठी तोच न्यायला आले. आजोबा येत्या शुक्रवारी मातीत जायचे होते. दोन्ही घरांचे नातेवाईक ऑकलंडला. दोघांनीही तिथून फोनवर मागणी नोंदवलेली, दोघांनाही ‘तुमचा झाला’ असं उत्तर आलेलं. एका बाजूला नवरीची मामी, दुसऱ्या बाजूला मेलेल्याचा मुलगा, आणि मधे तो न्गातू.

सगळ्यांच्या माना कालोलाइनेकडे वळल्या. ही मंडळाची संगणकवाली. ऑकलंडला शिकली, तिथे थंडगार खोलीत बसून चार वर्षं नोकरी केली, आणि आईच्या हातचं खाऊन इथेच राहायचं म्हणून परत आली. मागच्या खोलीत पावाच्या लादीएवढं एक यंत्र ठेवून त्यात तिने प्रोग्रामचे दोन कंटेनर चालवले होते. आम्ही त्यांना डबे म्हणायचो. एका डब्यात तोंड, दुसऱ्यात डोकं. ऑकलंडहून कोणी विचारलं, अमुक न्गातू मोकळा आहे का, की तोंड डोक्याला विचारून उत्तर द्यायचं. कालो तोंडाला एपीआय म्हणायची आणि डोक्याला डेटाबेस. पण ती शिकलेली होती, तिला चालायचं.

कालोने यंत्र उघडून पाहिलं. वाइपुनांची मागणी नव्हती. मोआलांचीही नव्हती. कोणाचीच नव्हती. पाटी कोरी.

मग कळलं की हे पहिल्यांदा झालेलं नाही. गेले काही सोमवार असंच चाललं होतं. मागण्या तेव्हा तुरळक यायच्या, त्यामुळे एखादी दिसली नाही तर ऑकलंडवाल्यांनीच बटण नीट दाबलं नसेल असं सगळे म्हणायचे. वाइपुनांची मागणी अशीच एका सोमवारी गेली, न्गातू पुन्हा मोकळा दिसू लागला, आणि मोआलांनी तो मागितला.

लुसेआनेबाई मंडळाच्या प्रमुख. त्यांच्या आवाजाने नारळ पडतात असं म्हणतात, मी दोनच पडलेले पाहिलेत. त्या म्हणाल्या की बुधवारी दुपारी सभा घेऊ. तोवर याचा उलगडा झाला नाही तर यंत्र ऑकलंडला परत जाईल आणि ते आणणारीही.

कालो खाली चटईकडे बघत राहिली.

“आणि ही चोरी आहे,” लुसेआनेबाई म्हणाल्या. “चोर कोण तेही मला ठाऊक आहे. तो आत्ता दारात उभा आहे.”

२

दारात मनासे उभा होता. यंत्र येण्याआधी ऑकलंडच्या सगळ्या मागण्या त्याच्या फोनवर यायच्या आणि प्रत्येक न्गातूमागे त्याचा वाटा असायचा. यंत्र आल्यापासून त्याचं पोट दोन बोटं आत गेलं होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला फार अक्कल लागत नव्हती. त्यात आदल्या दिवशी, रविवारी, भर प्रवचनात तो चर्चमधून उठून फणसाच्या झाडामागे गेला होता. कमरेला गुंडाळायच्या चटईखाली, ताओवालाखाली, काहीतरी लपवून. अर्ध्या गावाने पाहिलं होतं. उरलेलं अर्धं गाव झोपलं होतं.

मोआला आणि वाइपुना त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती पाहून मीच सुचवलं की लाटाईला बोलवा.

लाटाई फोनुआ पोलिसात होती. निवृत्त झाल्यापासून डुकरं पाळते. तिने एकदा नुसतं रोखून बघून एका डुकराकडून शेजाऱ्याची रताळी खाल्ल्याचं कबूल करून घेतलं होतं. मी स्वतः तिथे होतो. माझं घर सभागृहाला लागून, म्हणून ती आली की माझ्याच ओट्यावर बसते आणि मी तिचा मदतनीस होतो, तिची इच्छा असो वा नसो.

तिने मनासेला ओट्यावर बसवलं, लू, म्हणजे अळूच्या पानात शिजवलेलं मांस, वाढलं, आणि तो खात असताना विचारलं की फणसामागे काय करत होतास. मनासेने लू संपवलं, बोटं चाटली आणि सांगितलं की मला चोर म्हणायचं तर म्हणा.

लाटाईला हे आवडलं नाही. चोर असा म्हणत नाही. चोर आधी आईची शपथ घेतो, मग बायकोची, आणि मग खिशातलं काढून दाखवतो.

“मनासे,” ती म्हणाली, “चोरीपेक्षा वाईट असं काय केलंस तू?”

मनासेने इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून तो थांबला, तेव्हा मी झोपल्याचं नाटक केलं. मग त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. त्याने फोन काढला होता. रविवारी. धंद्यासाठी. यंत्रात किती मागण्या आल्यात ते बघायला.

माझे डोळे आपोआप उघडले. आमच्याकडे रविवारी दुकान उघडत नाही, होडी सुटत नाही, विमान उतरत नाही. कपडे वाळत घालणारीकडेही लोक वळून बघतात. चर्चमधला मोठा गायक असा मनासे प्रवचन चालू असताना झाडामागे धंदा बघत होता. हे बाहेर पडलं असतं तर त्याला पहिल्या रांगेतून उठवून पार दारापाशी बसवलं असतं. त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं बरं.

लाटाईने त्याला वचन दिलं की हे ओट्याबाहेर जाणार नाही. मी पण दिलं. आता इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही काही आमच्या चर्चमधले नाही.

“आणि काय दिसलं तुला?”

“तेच तर,” मनासे म्हणाला. “काहीच नाही. तोंड उत्तरच देईना. पाप केलं ते केलं, वर फुकट.”

३

त्या दुपारी लाटाईने कालोला डुकरांच्या गोठ्यापाशी बोलावलं. तिथे खोटं बोलणं अवघड जातं, वास फार येतो.

लाटाईचा पहिला प्रश्न साधा होता: पाटी कोरी होते, म्हणजे अगदी कोरी?

कालो म्हणाली की नाही. तीन मागण्या उरतात. यंत्र चालू केलं त्या पहिल्या दिवशी, सगळं नीट चालतंय का बघायला, तिने तीन खोट्या मागण्या घातल्या होत्या. एक तिच्या मांजराच्या नावाने, एक शाळेतल्या एका जाड्या मुलाच्या नावाने, आणि एक चक्क लुसेआनेबाईंच्या तिसऱ्या लग्नासाठी.

मी हसलो. लाटाई हसली नाही. तिने विचारलं की त्या अजून यंत्रात कशा.

कालोने हातातली काडी मोडली. त्या तिने खऱ्या मागण्या यायला लागण्याआधीच पुसल्या होत्या. त्या परत येतात. पहिल्यांदा तिला वाटलं होतं की पुसायच्या राहिल्या असतील.

लाटाई डुकराची पाठ खाजवायची थांबली.

“नेणारे चोर मी पुष्कळ पकडले,” ती म्हणाली. “पण टाकून दिलेलं घरात परत आणून ठेवणारा चोर मी पाहिलेला नाही. हे घर कोणी लुटलेलं नाही, कालो. हे घर कोणीतरी पाडून पुन्हा जसंच्या तसं बांधतंय, पहिल्या दिवशी होतं तसं.”

कालोने मान डोलावली. आणि मग, गोठ्याच्या कुंपणाला टेकून, तिने सगळं समजावलं. कंटेनर नुसता थांबवला आणि पुन्हा चालू केला तर आतलं सामान आत राहतं. पण एक दुसरी कमांड आहे, तिने डबा घडी करून टाकला जातो आणि पुन्हा मागितला की साच्यातून नवा निघतो. जुन्या डब्यात जे लिहिलं होतं ते जुन्या डब्याबरोबर जातं. नव्यात साच्यातलं तेवढंच, आणि साचा तिने पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता, म्हणजे मांजर, जाडा मुलगा आणि तिसरं लग्न.

मी विचारलं की मग शहाणे लोक काय करतात. ती म्हणाली की डोक्यातलं सगळं डब्याबाहेरच्या कोठारात ठेवतात आणि डबा त्या कोठाराला जोडतात. त्याला व्हॉल्यूम म्हणतात. डबे कितीही घडी करा, कोठार जागच्या जागी. तिने ते जोडलं नव्हतं. ऑकलंडला ती ज्या खोलीत काम करायची तिथली यंत्रं कधी बंदच व्हायची नाहीत, दिवस नाही, रात्र नाही. आणि हे सगळं जोडून देणारे वेगळे लोक असायचे. पहिल्या आठवड्यात जोडू असं म्हणत राहून गेलं. मागण्यांची दुसरी प्रत काढून ठेवायची तीही त्याच डब्यात. पेटीची किल्ली हरवू नये म्हणून पेटीतच ठेवायची, त्यातला प्रकार.

“ते कोठार तू आज जोडशील,” लाटाई म्हणाली. “अर्धी चूक तुझी, ती तू कबूल केलीस. उरलेली अर्धी? ती कमांड आणखी कोणाला येते?”

कालो कुंपणापासून सरकली आणि गुडघे जुळवून खाली बसली. लाटाईने पुन्हा विचारलं. कालोने सांगितलं की सगळी चूक तिचीच आहे, बुधवारी ती तसं सांगेल आणि शनिवारच्या विमानाने जाईल.

ती गेल्यावर लाटाईने डुकरांपुढे रताळ्याची सालं टाकली. भीतीने गप्प बसलेली माणसं तिने खूप पाहिली होती, ती घाम पुसतात. ही पोरगी गुडघे जुळवून, मान खाली घालून गप्प बसली होती.

“म्हातारबा,” ती मला म्हणाली, “ही पोरगी घाबरलेली नाही. ही आदर दाखवतेय. कोणाला?”

४

संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही ऊफी कंदाचे उकडलेले तुकडे खात होतो. लाटाई विचारात होती, म्हणून तिला हसवायला मी माझी नेहमीची थाप सोडली: आमच्या बेटावर माणसंच काय, यंत्रंसुद्धा रविवार पाळतात. शेजारच्या खोलीतलं ते डबडं सोमवार ते शनिवार घुरघुरून माझं डोकं खातं, पण रविवारी कसं गरीब गायीसारखं गप्प.

तिने तुकडा खाली ठेवला. विचारलं की ही थाप आहे की खरं.

हा प्रश्न मला आयुष्यात फार कमी लोकांनी विचारला आहे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. पण मी नीट आठवून पाहिलं, आणि मलाच नवल वाटलं. ते खरं होतं. रविवारी त्या यंत्राचा पंखा वाजत नव्हता.

“दर रविवारी?”

एक रविवार सोडून, मी म्हणालो. तेव्हा वाजत होता. तो माझ्या लक्षात राहिला कारण सभागृहाला कुलूप होतं आणि गायकांनी सराव माझ्या आंब्याखाली केला, त्यामुळे पंखा आणि मनासे दोन्ही ऐकावं लागलं. आणि त्या सोमवारी पाटी कोरी झाली नव्हती, हे तर लुसेआनेबाईही सांगत होत्या.

सभागृहाला कुलूप का होतं, असं तिने विचारलं, पण तोवर तिचा चेहरा बदलला होता. तिला उत्तर माहीत होतं, मलाही होतं. किल्ली जिच्याकडे असते ती त्या आठवड्यात हाआपाई बेटांवर मयतीला गेली होती.

किल्ली मेलेआनेकडे असते. आणि मेलेआने ही कालोच्या बापाची थोरली बहीण.

आम्ही दोघंही जरा सरळ बसलो, जणू ती ऐकतेय. आमच्याकडे राजा मोठा, पाद्री मोठा, पण घरात बापाची बहीण सगळ्यांच्या वर. ती येऊन भाचीच्या ताटातला मासा उचलते, भाचीच्या लग्नातली सगळ्यात चांगली चटई घेऊन जाते, आणि भाची वर मान करून का असं विचारत नाही. आत्याने काही केलं तर ते झालेलं असतं, बस्स. कालो विमानात बसली असती, ऑकलंडच्या थंड खोलीत म्हातारी झाली असती, पण आत्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नसतं.

“कोणी केलं ते कळलं,” लाटाई म्हणाली. “आता हे विचारायचं कोणी?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा झोपलो.

५

मंगळवारी लाटाई आत्याच्या घरी गेली. मी मागून, एक पाव घेऊन. मेलेआने आत्या चटईवर ताठ बसली होती. तिने पाव घेतला, आम्हाला बसा म्हटलं नाही, आम्ही बसलो.

लाटाईने प्रश्न विचारलाच नाही, हीच तिची करामत. ती म्हणाली की सभागृहातलं यंत्रही देवाचा दिवस पाळतं हे पाहून बरं वाटतं.

“पाळेल कसं आपोआप?” आत्या म्हणाली. “झोपवावं लागतं त्याला.”

मग तिने सगळं आपणहून सांगितलं. वादळाचा इशारा होता तेव्हा कालोनेच तिला शिकवलं होतं, कारण किल्ली तिच्याकडे. वीज जायच्या आत डबे नीट बंद करायचे, एक ओळ. वादळ गेलं की उघडायचे, दुसरी ओळ. वादळ काही आलं नाही, पण आत्याला विद्या आली. चर्चच्या मागे, रविवारी, एक यंत्र ऑकलंडच्या लोकांचा धंदा करत घुरघुरतंय हे तिला पटेना. तेव्हापासून दर शनिवारी दिवे लागायच्या आत ती डबे घडी करून, यंत्रावर फडकं टाकून, त्याच्यासाठी दोन ओळींची प्रार्थना म्हणत होती. सोमवारी पहाटेच्या घंटेआधी पुन्हा उघडत होती. नुसता खटका बंद करून तिचं समाधान झालं नसतं. घर आवरल्याशिवाय ती झोपत नाही, यंत्राला तरी का झोपवेल?

लाटाईने मग हळूच सांगितलं की त्या आवरण्यात काय काय फेकलं गेलं. वाइपुनांची मागणी. मोआलांची. आणि बुधवारी कोण काय कबूल करून कुठे निघालंय तेही.

आत्याने पावाचा एक तुकडा तोडला, खाल्ला, दुसरा तोडला. बाहेर कोंबड्या भांडत होत्या, त्याही थांबल्या. ही थाप नाही.

“बुधवारी मी सभेला येते,” ती शेवटी म्हणाली. “लुसेआनेला सांगा.”

परत येताना मी विचारलं की आता कालोचं बरं होईल की वाईट. लाटाई म्हणाली की आत्या रागावून आली तर पोरगी विमानाचीही वाट बघणार नाही, पोहत जाईल.

६

बुधवारी सभागृह भरलं. वाइपुना एका भिंतीला, मोआला दुसऱ्या, मधे तो न्गातू घडी घालून. लुसेआनेबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि दारात आत्या दिसली, तशा खाली बसल्या. कालोने तिला पाहिलं आणि मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला लागली.

आत्या सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली.

“डबे मी मोडले,” ती म्हणाली. “दर शनिवारी. पुढेही बंद करणार आहे. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने म्हणावं.”

दोन्ही भिंतींकडचे लोक आपापल्या चटया सरळ करू लागले.

“मीसुद्धा रोज झोपते,” ती पुढे म्हणाली. “उठल्यावर मला माझं नाव आठवतं. यंत्राला आठवत नसेल तर ते शिकवणं माझ्या भाचीचं काम आहे. शिकवलंस का गं?”

कालोने मान वर न करता सांगितलं की सोमवारीच शिकवलं. डोक्यासाठी बाहेरचं कोठार जोडलंय, दुसरी प्रत आता वेगळ्याच ठिकाणी ठेवते, आणि हे आधीच करायला हवं होतं, ते तिने केलं नव्हतं. चूक तिची.

“अर्धी,” लाटाई मागून म्हणाली.

लुसेआनेबाईंना मात्र प्रत्यक्ष बघायचं होतं. यंत्र सभागृहात आणलं. कालोने दोन्ही घरांच्या मागण्या पुन्हा घातल्या. मग आत्याने चष्मा लावला, एका बोटाने ती ओळ टंकली आणि डबे घडी केले. सवयीने फडकंही टाकलं. सगळ्यांनी माना लांब केल्या. फडकं काढलं, दुसरी ओळ टंकली, पंखा घुरघुरला. नवे डबे, आणि त्यांच्या डोक्यात वाइपुना आणि मोआला दोघंही जागच्या जागी. मांजर नव्हतं, जाडा मुलगा नव्हता, तिसरं लग्न नव्हतं. त्या शेवटच्याबद्दल लुसेआनेबाईंना आजही माहीत नाही.

त्या म्हणाल्या की ठीक, यंत्र राहील. पण न्गातू एकच आहे. आणि मंडळाने शब्द दोघांना दिलाय. शब्द मोडणाऱ्या मंडळाकडे उद्या कोण मागणी करेल, आणि मागणीच आली नाही तर कालो इथे कशासाठी राहील?

तेव्हा आत्याने हात उचलला. न्गातू वाइपुनांना द्या, ती म्हणाली, त्यांनी आधी मागितलाय. मोआलांच्या आजोबांसाठी माझ्या पलंगाखालचा न्या.

सभागृहात कुजबुज झाली. आत्याच्या पलंगाखालचा न्गातू तिने स्वतःच्या मयतीसाठी ठेवला होता. तिच्या आईने रंगवलेला, या न्गातूहून चार हातांनी जास्त लांब. मोआलांचा मुलगा गुडघ्यांवर पुढे आला आणि त्याने तिच्या पायांशी डोकं टेकलं.

“राहू दे,” आत्या म्हणाली. “तुझ्या बापाला आत्ता लागतोय. मला मरायची घाई नाही. कालो, माझ्यासाठी मंडळाकडे नवा मागून ठेव.”

कालोने लिहायला घेतलं. मागणी कोणाची, मेलेआने. कशासाठी, मयत. आणि तिथे यंत्र अडलं. तारीख घातल्याशिवाय मागणी घेता येत नाही, असं तोंड म्हणालं.

सगळे आत्याकडे बघू लागले. आत्या यंत्राकडे बघू लागली.

लुसेआनेबाईंनी घसा खाकरला आणि कालोला विचारलं की हा नियम बदलता येईल का. कालोने पहिल्यांदा मान वर केली. आधी आत्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर, जिथून बंदर दिसतं. म्हणाली की येईल, पण काम मोठं आहे, वेळ लागेल.

“लागू दे,” आत्या म्हणाली. “संपल्याशिवाय कुठे जाऊ नकोस.”

ते काम एका सकाळचंही नाही, कालोने स्वतः मला सांगितलंय. ती अजून करतेच आहे. मधल्या काळात तिचं लग्न झालं, दोन पोरं झाली, यंत्र तिसरं आलं. तारखेवाचून नोंद होत नाही, नोंदीवाचून न्गातू होत नाही, आणि न्गातू नाही म्हणून आत्या अजून मरायचं नाव घेत नाही. दर शनिवारी यंत्र झोपवायला काठी टेकत येते. माझ्या हिशेबाने एकशे नऊ वर्षांची असेल, ती सत्त्याण्णव सांगते.